काशीवहिनींचं पथ्य

सलिल, तो मोबाइल खाली ठेव आणि ऐक ना. शमिका, तूपण. घरी सांगितलं तर आई म्हणेल, सोड तो प्रोजेक्ट.

माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट माहितीये ना? टीबीच्या पेशंटचं रक्त घ्यायचं, वजन करायचं, आणि बघायचं, अंगात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस किती नि पोटात खाणं किती. म्हणजे कसं, जंतूंशी लढताना आपल्याच पेशी असं काही सोडतात की आपलंच अंग आतून गंजतं. तो गंज थोपवायला अंडं, मासे, डाळ, फळं लागतात. नुसत्या गोळ्यांवर भागत नाही.

तर माझ्या यादीत एक महिपतदादा होते. मुंबईला एका खानावळीत कामाला होते. खोकला धरला तसे गावी आले, पावसच्या आतल्या बाजूला एका वाडीत. पहिल्या दिवशी वजन एकेचाळीस. सुई बघून म्हणाले, "ताई, हल्ली डासपण मला चावून नाराज होतात, नि तुम्ही रक्त मागताय?"

त्यांच्या बायकोला, काशीवहिनींना, मी गंजाचं अख्खं लेक्चर दिलं. त्या मान हलवत होत्या. निघताना म्हणाल्या, "म्हणजे पथ्य कडक ना, ताई?" बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतोय, माझ्या रक्ताच्या नमुन्यांच्या पेटीतला बर्फ वितळतोय. मी म्हटलं, "हो हो वहिनी, एकदम कडक!"

माझ्या डोक्यात पथ्य म्हणजे डाएट रे!

दोन महिन्यांनी मी परत गेले, तर वजन छत्तीस. मला वाटलं गोळ्या चुकवल्या. वहिनींनी रिकाम्या पट्ट्या पुढ्यात ठेवल्या. एक खाडा नाही. मग खातात काय?

"पेज. मीठ घालून."

"आणि बांगडा? अंडी?"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "ताई, ह्यांना लाल लघवी होते. एवढी उष्णता अंगात, त्यात अंडं घालू? तुम्हीच सांगितलंत ना, पथ्य कडक?"

अरे, लाल लघवी त्या गोळ्यांनीच होते! सगळ्यांनाच होते. मी गंज सांगत बसले आणि हे सांगायचंच राहिलं. कोपऱ्यात कुठल्याशा संस्थेनं दिलेली पिशवी होती, शेंगदाणे, डाळ, खजूर. गाठसुद्धा सोडलेली नाही. आणि दादांना वास येऊन खावंसं वाटू नये, म्हणून वहिनींनी घरात मासे आणणंच बंद केलेलं. म्हणजे सगळं घर पेजेवर.

"मग सांगितलंस ना तू?" काय शमिका! सांगितलं, जवळजवळ ओरडूनच. वहिनी धावत शेजारच्या कमळाकाकूंकडून दोन अंडी घेऊन आल्या, उकडली. दादा हसले, "बघा, ताईंमुळे मालकीणबाई प्रसन्न झाल्या." पण अर्ध्या अंड्यातच थांबले. गिळवेना. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्याच दिवशी ॲडमिट केलं, सलाइन लावलं. नवव्या दिवशी गेले.

मी बाराव्याला गेले. वहिनींनी मला मागच्या पडवीत नेलं. तिथे चूल पेटलेली होती. हळूच म्हणाल्या, "ताई, ते अंडं बाधलं ना ह्यांना? पेजेवर होते तवर उठून बसत तरी होते."

मी म्हटलं, "नाही हो वहिनी, अंड्यानं नाही."

"मग कशानं?"

खरं सांगायचं तर कुणाचं नाव घेऊ, त्यांचं की माझं? देवाशप्पथ, गप्पच बसणार होते, तसंच रिक्षात बसून रत्नागिरीला येणार होते. तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. त्यांची मुलगी, अक्षया. आठवीत आहे.

वहिनी म्हणाल्या, "तिला पंधरा दिवस झाले. दाखवून आणलंय, उद्या कळेल. पण मी पथ्य आजपासूनच धरलंय. ह्यावेळी अंडं नाय नि काय नाय. ही बघा, तिचीच पेज."

मग मी सांगितलं रे. लाल लघवीचं, पथ्याचं, माझ्या त्या "हो हो"चं, सगळं एका दमात. म्हटलं, चूक माझी आहे वहिनी, तुमची नाही. ते त्यांना ऐकूच गेलं नसावं.

मला वाटलं मारतील, शिव्या घालतील. काही नाही. एवढंच म्हणाल्या, "खायला मागत होते हो. रोज मागत होते."

आणि पेजेचं टोप चुलीवरून उतरवलं नि हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. गरम होतं ते. मी म्हणतेय, वहिनी, ठेवा खाली, भाजेल. ठेवीचनात.