धुलाईखान्यातली साक्ष

हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईखाना होता आणि तिथं मावशी बावीस वर्षं कामाला होती. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. सकाळी सात वाजता वरच्या मजल्यांवरून चादरींची गाठोडी यायची. ती सोडायची, रक्ताच्या चादरी वेगळ्या काढायच्या, गार पाण्यात टाकायच्या. रक्ताला गरम पाणी दाखवलं की डाग जन्माचा बसतो, हे ती प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगायची.

चादर पाण्यात सोडताना ती मनात म्हणायची, "प्रभू, ही ज्याची असेल त्याला सांभाळ." एवढंच. दिवसाला तीन-चारशे चादरी, तितक्याच वेळा. हात सोलून निघायचे, पाठ दुखायची, पण ती घरी जायची ती हसतमुख. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या, समाधान शिकायचं तर हिच्याकडून. मावशीलाही ते खरं वाटायचं.

म्हणूनच लेक पहिल्यांदा सुजलेला ओठ घेऊन आली तेव्हा मावशीनं तिला आपल्याकडे होतं तेच दिलं. घरकामात मन घाल, देवानं दिलंय त्यात सुख मान, नवरा दमून आला की हसून दार उघड, असं सांगून तिला परत पाठवलं. जावई वेल्डर होता. उपासनेत पहिल्या रांगेत उभा राहून गायचा, आणि गळा असा की डोळे मिटून ऐकावं. पोरीनं नशीब काढलं, असं सगळे म्हणत. दुसऱ्या खेपेला त्यानं तिची करंगळी दारात धरून मोडली. मावशीनं करंगळीला पट्टी बांधली, तिच्यासोबत गुडघे टेकून प्रार्थना केली आणि पुन्हा तेच सांगितलं. लेकीनं आईकडे फक्त एकदा पाहिलं.

तिसऱ्या खेपेला ती आईकडे आलीच नाही. ती पाच महिन्यांची गरोदर होती. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं तिला खाली पाडलं आणि पायात कामावरचे जाड बूट असतानाच पोटात लाथा घातल्या. शेजारणीनं तिला पहाटे हॉस्पिटलात आणलं.

त्या सकाळी बायकांच्या वॉर्डातून आलेली एक चादर इतकी भिजली होती की उचलताना मावशीच्या कोपरापर्यंत ओघळ आला. तिनं ती गार पाण्यात सोडली, नेहमीची प्रार्थना केली आणि पुढचं गाठोडं ओढलं. दहा वाजता वरून नर्सचा फोन आला. लेक वाचली होती. मूल गेलं होतं.

मावशी वर गेली. लेकीच्या उशाशी बसून तिनं एकच वाक्य म्हटलं, "चुकलं माझं."

लेक भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू मला परत परत पाठवलंस, आई."

लेकीला हॉस्पिटलातून सोडलं तसं मावशी तिला आपल्या घरी घेऊन आली. पोलिसांत तक्रार दिली. जावई आठवडाभरात जामिनावर सुटला आणि दाराबाहेर येऊन उभा राहू लागला. कधी रडायचा, कधी दारावर डोकं आपटायचा, कधी आतल्या दोघींना चिरून टाकीन म्हणायचा. लेकीला घरी एकटी ठेवणं धोक्याचं झालं. मावशीनं धुलाईखान्याच्या साहेबांना विनंती केली आणि दीड महिन्यानं लेक धुलाईखान्यात कामाला लागली.

तिथल्या इस्त्रीच्या गरम रोलरवर दोघी उभ्या राहायच्या. ओलसर चादर दोन्ही टोकांनी धरून पुढच्या फळीवरून आत सोडायची, ती पलीकडून कोरडी, कडक होऊन बाहेर यायची. बाजूला लाल बटण होतं. चादर गोळा झाली, बाही अडकली, काहीही झालं की आधी बटण, मग बाकी सगळं. मावशीनं बावीस वर्षांत ते हजारदा तरी दाबलं असेल.

एका दुपारी बाकीच्या बायका जेवायला गेल्या असताना जावई गाठोडी आणायच्या दारानं आत आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "चल घरी."

लेक म्हणाली, "नाही."

त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ मशीनच्या लोखंडी कडेवर आपटलं. एकदा. मग पुन्हा. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं. मावशीनं कपडे ढवळायचा लाकडी दांडका उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. दांडका मोडला. तो वळला आणि त्यानं मावशीच्या तोंडावर ठोसा मारला, तिचे पुढचे दोन दात जिभेवर आले. मग एका हातानं तिचा गळा धरून त्यानं तिला चालू रोलरच्या फळीवर उताणं दाबलं. केस करपल्याचा वास तिला स्वतःलाच आला. ती त्याचं मनगट ओरबाडत होती, नखाखाली त्याची कातडी येत होती, पण पकड सुटत नव्हती. डोळ्यांपुढे काळोखी यायला लागली.

जोर लावण्यासाठी त्यानं दुसरा हात फळीवर टेकला. फळीवरून अर्धवट चादर आत सरकत होती. चादरीसोबत त्याची बोटं गेली.

त्याच्या घशातून असा आवाज निघाला की मावशीला तो माणसाचा वाटला नाही. गळ्यावरची पकड सुटली. रोलर फिरतच होता, बोटांनंतर पंजा ओढत होता.

मावशीचा हात गेला आणि लाल बटणावर पडला.

रोलर थांबला. तिनं मशीनचा दांडा ओढून वरचा रोलर उचलला, त्याचा हात सोडवला, ओल्या चादरीत गुंडाळला आणि लेकीपाशी जाऊन जमिनीवर बसली. लेकीच्या कपाळावर हात दाबून धरला. तिघांचंही रक्त फरशीवर होतं. ओरडा ऐकून बायका धावत आल्या तेव्हा त्यांना आधी कुणाला उचलावं ते कळेना.

त्याची तीन बोटं गेली. पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. लेकीच्या कपाळाला अकरा टाके पडले.

पाळकसाहेबांनी उपदेशात मावशीचं नाव काढलं. आपल्या या बहिणीनं शत्रूवर प्रीती केली, म्हणाले, आणि तिला मंडळीपुढे देवाच्या कृपेची साक्ष द्यायला बोलावलं. मावशी तोंडाला रुमाल धरून उभी राहिली. "मी प्रीतीनं बटण दाबलं नाही," ती म्हणाली. "हाताला सवय होती. मनाला विचारलं असतं तर मन म्हणालं असतं, फिरू दे जरा. देवानं मला विचारायला वेळ दिला नाही, त्याचे उपकार. पण दुसरी गोष्ट सांगते. मी लेकीला समाधान शिकवते म्हणून सोसणं शिकवलं. तुम्ही सगळ्यांनी मला त्यासाठीच चांगलं म्हटलं होतं."

एक म्हातारी बाई मान खाली घालून रडू लागली आणि बराच वेळ रडत राहिली.

नंतर मंडळीतले दोन वडीलधारे घरी आले. तो तुरुंगात पस्तावलाय, लग्न देवापुढे झालंय, असं त्यांनी बोलून पाहिलं. लेकीनं नाही म्हटलं. त्यांनी आशेनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि "तिनं सांगितलं ना," एवढंच म्हणाली. चहा संपल्यावर ते गेले.

कितीतरी महिने मावशीला चादरीवर प्रार्थना करता आली नाही. ती नुसती काम करायची, सात ते तीन, आणि देवाशी भांडायची. माझ्या हातून माझंच नातवंड धुवून घेतलंस, असं त्याला सुनवायची. देव ऐकून घेत होता की नाही कोण जाणे. पण पाणी भरत होतं, मशीन फिरत होती, लेक समोर उभी होती.

पावसाळा सरून थंडी पडली. एका सकाळी रोलरमधून निघालेली गरम चादर घडी घालायला दोघींनी टोकं धरली आणि लेकीनं मुद्दाम असा हिसका दिला की मावशी दोन पावलं धडपडत पुढे आली. तिनंही हिसका दिला. चादरीचे ते तसले खेळ लेक सहा वर्षांची असताना व्हायचे. लेक खुदकन हसली. मावशीला त्या हसण्याचा आवाज ओळखायला एक क्षण लागला, इतके दिवस झाले होते.

तेवढ्यात साहेब दारात येऊन उभे राहिले. काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

"काम चाललंय, साहेब," लेक म्हणाली.

दोघींनी चादर छातीशी जुळवली. ती अजून ऊबदार होती. मावशीनं ती गरजेपेक्षा थोडी जास्त वेळ धरून ठेवली, मग ढिगावर ठेवून पुढची घेतली.