गॉडफ्रेचा तिसरा चाकू

गॉडफ्रे तुस्कानोला चाकूचं वेड लागलं ते एका पेरूमुळे.

पंचेचाळिशीला टेकलेला माणूस. विम्याच्या कंपनीत टेबलावरची नोकरी, वसईत निर्मळच्या बाजूला गावात घर, घरामागे केळीची उरलीसुरली वाडी. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा ऑफिसातला रामनाथ म्हणाला, "चल माझ्याबरोबर डोंगरावर." रामनाथ मूळचा देवगडकडचा, राहायला विरारच्या मनवेलपाड्यात. अंगाने काडी, पण चढायला लागला की मागे वळून बघायचा नाही.

पहिल्याच शनिवारी कामणदुर्गाच्या अर्ध्या वाटेत गॉडफ्रे एका दगडावर बसला तो उठेना. रामनाथ त्याच्यासाठी थांबला. त्याने खिशातून एक मिटता चाकू काढला, अंगठ्याने खट्कन उघडला, पेरूच्या चार फोडी केल्या, पातं पँटला पुसलं आणि चाकू परत खिशात टाकला. सगळं मिळून घोटभर पाणी पिण्याइतका वेळ. पण गॉडफ्रेला त्या हालचालीत एक आख्खा माणूस दिसला. ज्याला रस्ता माहीत आहे, ज्याचं कुठे अडत नाही, ज्याला धाप लागत नाही असा. आपल्याकडे असा चाकू असता तर आपणही असेच चढलो असतो, असं त्याला मनापासून वाटलं. चाकूचा आणि धापेचा काही संबंध नसतो, हे त्याला पुढे बऱ्याच महिन्यांनी सुचलं. सुचलं तेव्हा तो एकटाच हसला.

"कुठला रे हा चाकू?" त्याने विचारलं.

"काय माहीत. आहे बरीच वर्षं," रामनाथ म्हणाला आणि चालायला लागला.

इतकी चांगली वस्तू बाळगणाऱ्याला तिची काही माहितीच नसावी, याचा गॉडफ्रेला रागच आला. आपण घेऊ तेव्हा सगळं बघून, पारखून घेऊ, असं त्याने उतरतानाच ठरवलं.

त्याची बायको आल्बिना शाळेत शिकवायची. गॉडफ्रेचा बेत तिने वह्या तपासता तपासता ऐकून घेतला. "घरात विळी आहे, पाव कापायची सुरी आहे, वाडीत कोयता आहे," ती म्हणाली. "अजून काय कापायचं राहिलंय आपलं?"

"ते खिशात राहत नाहीत," गॉडफ्रे म्हणाला.

"खिशात राहायला पाहिजे असं काय आहे?"

गॉडफ्रे वाडीत पाणी सोडायला गेला.

पहिला चाकू त्याने स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून घेतला. पारखून घेतला म्हणजे काय, तर जास्तीत जास्त अवजारं कशात आहेत ते मोजून घेतला. त्यात पातं होतं, कात्री होती, स्क्रू पिळायचं होतं, दात कोरायची काडी होती, डबा उघडायचं होतं, आणि एक बाकदार आकडा होता, तो कशाचा हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. "जंगल में सब काम आता है," एवढंच तो म्हणाला. गॉडफ्रेला ते पटलं.

जंगलापर्यंत तो चाकू पोचलाच नाही. घरी आल्या आल्या गॉडफ्रेने अननसाच्या फोडींचा डबा उघडायला घेतला. डबा उघडायचं अवजार वाकलं, पण डब्याला ओरखडा नाही. मग त्याने पात्याचं टोक झाकणात खुपसून जोर दिला. पात्याला अडकवणारी खिटी नव्हतीच. ते मिटलं ते थेट त्याच्या बोटावर. दवाखान्यात दोन टाके पडले. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कशाने कापलं?" गॉडफ्रेच्या आधी आल्बिनानेच सांगितलं, "अननसाने."

एवढं झाल्यावर एखादा शहाणा माणूस थांबला असता. गॉडफ्रेने मात्र धडा असा घेतला की आपला चाकू लहान पडला.

दुसरा चाकू त्याने मुंबईतून आणला. वीतभर पातं, पाठीला करवतीचे दाते, चामड्याचं म्यान. मूठ आतून पोकळ, तिच्यात काड्यापेटीतल्या काड्या, मासे धरायचा गळ आणि दोरा. मुठीच्या झाकणावर होकायंत्र. त्या होकायंत्रात उत्तर दिशा नेहमी स्वयंपाकघराकडे असायची, मग घरात कुठेही उभं राहा. पण आरशासमोर म्यान कमरेला लावून उभं राहिल्यावर गॉडफ्रेने ते सगळं माफ केलं. पोट आत ओढून त्याने स्वतःकडे दोन्ही बाजूंनी बघून घेतलं. आल्बिना मागून येऊन गेली हे त्याला कळलंही नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी तो वसईच्या एसटी स्टँडवर रामनाथची वाट बघत उभा राहिला. चाकू कमरेला. थोड्याच वेळात एक हवालदार जवळ आला.

"हे काय लावलंय कमरेला?"

"चाकू."

"ते दिसतंय. कशाला?"

गॉडफ्रेने पात्याचा विचार केला होता, मुठीचा केला होता, म्यानाच्या शिवणीचासुद्धा केला होता. 'कशाला' याचा मात्र केला नव्हता. त्याच्या तोंडून खरं तेच निघालं. "पेरू कापायला."

हवालदाराने म्यानाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "केवढा पेरू?"

तेवढ्यात रामनाथ आला. समोरचा प्रकार बघून तो लांबच थांबला आणि गाड्यांचं वेळापत्रक वाचू लागला. आपण गाडीची वेळ बघत होतो, असं त्याने पुढे शपथेवर सांगितलं.

चौकीत हवालदाराने गॉडफ्रेचं ऑफिसचं ओळखपत्र बघितलं, पत्ता विचारला. मग चाकू म्यानातून काढून हातात तोलला, तर मूठ फिरली आणि निघून हातात आली. काड्या टेबलावर सांडल्या. गळ चहाच्या बशीत पडला. हवालदाराने एक एक काडी गोळा करून मुठीत भरली, मूठ पात्याला कशीबशी लावली आणि चाकू वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला.

"घरी ठेवा," तो म्हणाला. "असलं कमरेला लावून फिरू नका, लोक घाबरतात." मग गॉडफ्रेला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "तुम्हाला नाही. चाकूला."

स्टँडवर गावचं कोणीतरी होतं हे उघड होतं, कारण रविवारच्या मिस्सानंतर देवळाबाहेर फादरनीच त्याला विचारलं, "काय गॉडफ्रे, यंदा पेरू मोठे आलेत म्हणे." आजूबाजूचे सगळे जमिनीकडे बघत उभे होते. गॉडफ्रे हसला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पण हवालदाराचा तो प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. कशाला? पुढचे काही दिवस तो स्वतःवर नजर ठेवून राहिला. आपण खरोखर काय काय कापतो? दुधाची पिशवी. पार्सलची सुतळी. केळीचं वाळलेलं पान. आल्बिनाच्या ब्लाउजचा लोंबणारा दोरा. आंबा. अर्धवट जळलेल्या मेणबत्तीची वात. यात वाघ कुठेच नव्हता, मोठा मासाही नव्हता. करवत लागेल असं लाकूडही नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत आपल्या वाट्याला आलेली सगळ्यात कठीण वस्तू म्हणजे अननसाचा डबा, आणि त्यात आपण हरलो, हे त्याने स्वतःशी कबूल केलं.

मग पहिल्यांदाच त्याने नीट विचार केला. पातं चार बोटांचं पुरे. उघडल्यावर ते पक्कं अडकलं पाहिजे, टाके घातलेलं एक बोट बास. मूठ ओल्या हातातूनही सुटता कामा नये. आणि लोखंड गंज न धरणारं. समुद्र इतका जवळ की खारी हवा घराच्या ग्रिला खायची, सायकलची चेन खायची, आल्बिनाच्या केसांच्या पिनासुद्धा सोडायची नाही. साध्या पोलादाला धार लवकर लागते हे खरं, पण वसईत ते रोज पुसून तेल लावून ठेवणारा माणूस पाहिजे, आणि आपण तो नव्हे.

आल्बिनाचा भाऊ फेबियन बोटीवर होता. त्याचा सिंगापूरहून फोन आला, तेव्हा गॉडफ्रेने त्याला हे सगळं सांगितलं.

"आणि होकायंत्र?" फेबियनने विचारलं. बातमी तिथपर्यंत पोचली होती.

"नको," गॉडफ्रे म्हणाला. "स्वयंपाकघर कुठे आहे ते मला माहीत आहे."

नाताळाला फेबियन चाकू घेऊन आला. काळी मूठ, साधं पातं, बाकी काही नाही. डबीतून काढल्यावर गॉडफ्रे जरा हिरमुसलाच. "हा तरी चाकूसारखा दिसतोय," आल्बिना म्हणाली. पुढे कितीतरी दिवस गॉडफ्रे न्हाणीघराचं दार लावून तो एका अंगठ्याने उघडायचा सराव करत होता. बाहेर खट् खट् ऐकू यायचं. आल्बिना आपली पाळी येईपर्यंत दाराबाहेर थांबायची. ती बाई संयमाची होती.

फेब्रुवारीत तो आणि रामनाथ तुंगारेश्वरच्या डोंगरात गेले. ओढा आटलेला, पात्रात नुसते धोंडे. रामनाथ नेहमीसारखा पुढे होता. एका धोंड्यावरून त्याचा पाय निसटला आणि दोन दगडांच्या फटीत घोट्यापर्यंत रुतला. गॉडफ्रे धापा टाकत पोचला तेव्हा रामनाथचा चेहरा पांढरा पडला होता. पाय ओढून निघेना. बूट जाड होता, तोच फटीत आवळून बसला होता, आणि आत घोटा सुजत चालला होता.

"बूट कापायला लागणार," रामनाथ म्हणाला. "माझा चाकू दुसऱ्या पँटीत राहिला."

ज्या क्षणाची गॉडफ्रेने इतके महिने वाट पाहिली होती, तो असा आला. त्याने खिशातून चाकू काढला आणि अंगठ्याने उघडायला गेला. उघडेना. न्हाणीघरात एवढा सराव केला होता, पण तिथे समोर कोणाचा पाय अडकलेला नव्हता. शेवटी दोन्ही हातांनी, फळाची साल काढावी तसा नखाने ओढून त्याने तो उघडला.

"पाय माझा आहे, विसरू नकोस," रामनाथ म्हणाला.

आधी नाड्या तुटल्या. मग गॉडफ्रेने पात्याची पाठ रामनाथच्या पायाकडे ठेवून बुटाचं चामडं वरून खाली चिरत नेलं. चामडं चिवट होतं, खाली दगडाची कच होती, पण पातं कुठे हललं नाही की मूठ घामेजल्या हातात फिरली नाही. फट मोकळी झाली. रामनाथने दात आवळून पाय वर ओढला, आणि दोघेही तिथेच धोंड्यांवर टेकले.

आता चाकू मिटायचा. गॉडफ्रेने खिटी दाबली, पातं फिरवलं आणि अंगठा मध्येच ठेवला. रक्त आलं तेव्हा त्याला आधी कळलंच नाही की ते कोणाचं. चाकूवर भरवसा ठेवायला काहीच हरकत नव्हती. प्रश्न तो ज्याच्या खिशात होता त्याचा होता.

रामनाथने आपला रुमाल फाडून त्याचा अंगठा बांधला. मग एक पाय नसलेला आणि एक हात नसलेला, असे दोघे एकमेकांना धरून डोंगर उतरले. वाटेत रामनाथ एकदाच थांबला आणि म्हणाला, "बरं झालं तू होतास." मग काही पावलांनी म्हणाला, "म्हणजे चाकू होता." गॉडफ्रेला इतकं हसू आलं की दोघेही पडता पडता वाचले.

रामनाथच्या पायाला प्लास्टर बसलं. डोंगर बंद झाला. चाकूची धार मात्र त्या चामड्याने आणि दगडाच्या कचेने पार गेली होती, टोमॅटोचीही साल निघेना. गॉडफ्रेने मागच्या दाराच्या पायरीवर पातं घासून बघितलं, तर उरलीसुरली धारही गेली. तेव्हा तो वसईतल्या पापडी गावच्या बाजारातून धार लावायचा दगड घेऊन आला.

आणि इथे एक नवल घडलं. ते काम त्याला आवडलं. दगड पाण्यात भिजवायचा, पातं ठरलेल्या तिरपेपणाने धरायचं, तो तिरपेपणा न मोडता हळूहळू ओढायचं. घाई केली की धार जायची. कोणी बघतंय का म्हणून मान वर केली तरी जायची. आयुष्यात एकही गोष्ट त्याने घाई न करता किंवा कोणी बघतंय का हे न बघता केली नव्हती, त्यामुळे पहिले काही आठवडे नुसते वाया गेले. सरावाला त्याने आल्बिनाची विळी मागितली. तिने आधी नाही म्हटलं, मग जुनी दिली. ती परत मिळाल्यावर तिने कांदा चिरला, पुन्हा एक चिरला, आणि नवी विळीही त्याच्यासमोर आणून ठेवली.

शेजारची एमिली मावशी केळीच्या वाडीवर म्हातारपण काढणारी बाई. कौतुक वगैरे करायची तिला सवय नव्हती. एका शनिवारी दुपारी ती कोयता घेऊन ओटीवर आली.

"आल्बिना म्हणते तुला पाजवता येतं."

"शिकतोय, मावशी."

"शीक. हा बघ कसा झालाय, केळीला नुसता चावतो."

गॉडफ्रेने कोयता घेतला. बाकदार पात्याला दगड कसा लावायचा हे आधी त्याला जमेना, मग कोयता मांडीवर धरून दगडच पात्यावर फिरवायची युक्ती सुचली. एमिली मावशी ओटीच्या कडेला बसून तपकीर ओढत राहिली. त्याला मान वर करावीशी वाटली, पण त्याने केली नाही. काम झाल्यावर त्याने अंगठा पात्यावर आडवा, अगदी अलगद फिरवून बघितला. या वेळी रक्त आलं नाही.

मावशी कोयता घेऊन सरळ त्याच्याच वाडीत शिरली. घड काढून झालेली एक केळ उभी होती. तिने एक घाव घातला आणि खोड जागच्या जागी आडवं झालं. तिने पात्यावर बोट फिरवून बघितलं.

"बरा झालाय," ती म्हणाली आणि कुंपणातून निघून गेली.

गॉडफ्रे ओटीवर बसून राहिला. कामणदुर्गाच्या माथ्यावर पोचल्यावर काय वाटतं ते त्याला माहीत नव्हतं, कारण तो कधी माथ्यावर पोचलाच नव्हता. पण याहून फार वेगळं नसावं, असं त्याला वाटलं. तो दगड धुवायला उठणार, तेवढ्यात एमिली मावशी परत येताना दिसली. या वेळी तिच्याबरोबर तिची बहीण होती, आणि दोघींच्या हातात विळ्या होत्या.