सातव्या खुंटावरचं शून्य

घड्याळकाकांचा कान तिखट, हे त्या पाणथळीच्या राखीव जागेवर सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. घड्याळ कानाला लावलं की कुठलं चाक अडतंय ते झाकण न उघडता सांगायचे. दुकान बंद केल्यावर त्यांनी तोच कान पाखरांना लावला. दर रविवारी सकाळी, बारा ठरलेल्या खुंटांपाशी पाच-पाच मिनिटं उभं राहायचं आणि जे ऐकू येईल ते वहीत मांडायचं. काम फुकटचं, पण काकांनी सोळा वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता, आणि हे सांगायचीही संधी चुकवली नव्हती.

त्यांचा नियम कडक. स्वतःच्या कानांनी ऐकलं तरच लिहायचं, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. नव्यानेच येऊ लागलेला एक ट्रकड्रायव्हर एकदा म्हणाला, "काका, मला तिकडे काहीतरी ऐकू आलं." काकांनी त्याला चारचौघांत झापलं होतं. "दुसऱ्याच्या कानावर माझी वही चालत नाही!"

सातव्या खुंटासमोर काटेरी झुडपांची दाट जाळी होती. तिच्यात अंगठ्याएवढं एक पाखरू राहायचं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक, पण आवाज इतका बारीक की सगळे त्याला सुईच म्हणायचे. ते दिसायचं जवळजवळ नाहीच, आवाजावरूनच मोजायचं. पूर्वी तिथे पाच-सहा सुया असत. मग दोन झाल्या, मग एक, आणि गेली तीन वर्षं सातव्या खुंटापुढे शून्य. काकांना वाईट वाटलं, पण वहीपुढे कुणाच्या वाटण्याला विचारतो कोण? जाळी तर पाण्याकडे पसरत चालली होती, लांब पायांच्या पाखरांना चिखल उरत नव्हता. शेवटी बैठकीत काकांनीच वही आपटून सांगितलं, "तिथे आता कुणी राहत नाही. काढून टाका."

म्हणून त्या रविवारी वीस माणसं कोयते आणि दोन यंत्रकरवती घेऊन जमली होती. स्वयंसेवकांच्या प्रमुख बाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे करवतवाल्यांनाही त्यांनी उंचीनुसार उभं केलं होतं. एवढ्या लोकांचा चहा सांभाळायला काकूही आल्या होत्या. पहिल्यांदाच. "अर्धा जन्म तुमच्या टिकटिकीत गेला, आता चिवचिव ऐकायला कशाला येऊ?" असं त्यांचं इतके दिवस म्हणणं होतं.

झाडाला हात लावण्याआधी शेवटची मोजणी, हाही नियमच. "काका, तेवढं उरकून घ्या," बाई म्हणाल्या. "आठला सुरुवात करू."

काका खुंटाकडे निघाले, थर्मास काखोटीला मारून काकू मागोमाग. काकांनी हातातल्या घड्याळात पाच मिनिटं लावली. हे घड्याळ फक्त मोजणीसाठी असे. वेळ संपली की ते बारीक पिकपिक करायचं. पण तीन-चार वर्षांपूर्वी ते मुकं झालं. काकांनी मागच्या खोलीत दार लावून ते चार वेळा उघडलं, तीन वेळा सेल बदलला, शेवटी हल्लीच्या मालाला शिव्या घातल्या आणि हात टेकले. तेव्हापासून ते मधूनच एक डोळा किलकिला करून आकड्यांवर वेळ धरत.

"अहो, हे कोण केकाटतंय?" काकूंनी विचारलं.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळे मिटले. वाऱ्याची सळसळ, लांब एक बगळा, मागे कुणाचं तरी खोकणं. बाकी काही नाही. त्यांनी पेन्सिल शून्यावर टेकवली.

"आता ते घड्याळ तरी बंद करा. कान किटले."

"कुठलं घड्याळ?"

"हातातलं! एवढं कोकलतंय आणि कुठलं म्हणे."

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं झाली होती. त्यांनी ते कानाला लावलं, अगदी दाबून. काही नाही. बटण दाबलं, तशी काकू म्हणाल्या, "हां, बरं वाटलं." पुन्हा दाबलं, तर त्यांनी तोंड वाकडं केलं.

"मघाशी काय केकाटत होतं?"

"त्या झुडपात. त्सी-त्सी-त्सीऽऽ असं. अजून चालूच आहे की. एक इथे, दोन तिकडे पलीकडे."

शेवटचा सूर वर चढतो, तोही काकूंनी बरोबर चढवला. सुई कुठेही गेली नव्हती. गेला होता तो त्यांचा कान, आणि त्याच्या भरवशावर मागे करवतीत तेल भरलं जात होतं.

एक सोपी वाट होती. तीन लिहायचं आणि सांगायचं, आज ऐकली, सुई परत आली. जाळी वाचली असती, वही हातात राहिली असती, आणि काकू कुणाला बोलल्या नसत्या. काकांनी तीनचा आकडा काढायला पेन्सिल टेकवलीसुद्धा. मग त्यांना मागची पानं आठवली. बारा खुंट, आणि बारीक आवाजाची किती पाखरं त्यांनी वहीत जिवंतपणी मारली असतील, कोण जाणे.

ते परत आले ते थेट करवतीसमोर उभे राहिले. "थांबा. जाळीत सुया आहेत. मला ऐकू येत नाही."

"आज येत नाही?" बाईंनी विचारलं.

"गेली तीन वर्षं. जास्तच असतील."

काकांनी वही उघडली, काही खोडलं नाही. शून्यांच्या रांगेखाली लिहिलं : मोजणाऱ्याला ऐकू येत नव्हतं. खाली सही केली आणि वही त्या ट्रकड्रायव्हरच्या हातात दिली. "पाच मिनिटं. मोज."

ड्रायव्हर गांगरला. "काका, तुमच्या वहीत मी?"

"तुझा कान चालतो ना? मग मोज."

सगळे खुंटापाशी जाऊन उभे राहिले. काका कडेला, रिकाम्या हातांनी. सोळा वर्षांत पहिल्यांदाच मोजणीच्या वेळी त्यांचे डोळे सताड उघडे होते. वीसच्या वीस जणांच्या माना एकदम डावीकडे वळल्या. बाईंचा हात छातीशी गेला. काकांनीही मान डावीकडे वळवली आणि तशीच ठेवली.

"थांबली की सांग," ते काकूंना हळूच म्हणाले.