गालाएवढा डाग

तुम्ही तिला अर्धवट सांगितलंत, डॉक्टर. आणि अर्धवट सांगणं म्हणजे खोटंच, फक्त कडक इस्त्री केलेलं. तिच्या गालावरच्या पुटकुळ्या तुम्ही भिंग लावून पाहिल्यात, पण ती पोटासाठी काय करते हे विचारायला तुमची जीभ उचलली नाही. बाहेर रांग होती म्हणे. रांग तुमच्याकडे नसते कधी?

ती एका कारखान्यात नाटकांचे पोशाख शिवते. तिची आई त्याच कारखान्यात मागच्या खोलीत कापड रंगवते. आईचे हात कोपरापर्यंत कायम रंगलेले. कुणी विचारलंच तर म्हणते, "आजचा रंग बघायचाय की कालचा?" आयुष्यभरात तिच्या हातचा रंग उडाला असं कुणी म्हटलेलं नाही. तेवढी एकच गोष्ट तिच्याकडे मिरवण्यासारखी आहे आणि ती मिरवतेही.

लेकीच्या तोंडावर मोठमोठ्या, ठणकणाऱ्या पुटकुळ्या यायला लागल्या तेव्हा कारखान्याच्या प्रमुखाने तिला बोलावलं. माणसांना तोडून बोलतो म्हणून त्याला मागून सगळे 'कात्री' म्हणतात.

"तू माप घ्यायला जवळ आलीस की मुख्य नटीला शिसारी येते. पहिल्या प्रयोगाच्या आत तोंड नीट कर. नाहीतर बस बटणं लावत."

घरी त्यावर चर्चा झाली. चर्चा कसली, बाजार भरला. नणंद पार्लरमध्ये कामाला, तिने पर्समधून एक ट्यूब काढली. "वहिनी, ही लाव. आठवड्यात काचेसारखा गाल."

"आणि लावायची थांबवली की?"

"थांबवायची कशाला?"

नणंदेच्याच पार्लरमधली एक मुलगी ती ट्यूब लावत होती. तिची कातडी कागदासारखी पातळ आणि लालबुंद झालेली सगळ्यांनी पाहिली होती. ट्यूब पर्समध्ये परत गेली. शेजारणीने सांगितलेलं लिंबू आधीच चोळून झालं होतं. त्याने गाल भाजल्यासारखा सोलला होता.

"राहू दे ना," नवरा म्हणाला, "मला तर दिसतसुद्धा नाहीत."

"तुला समोरची चप्पल दिसत नाही, माझं तोंड काय दिसणार?"

शेवटी ती तुमच्याकडे आली. तुम्ही तीन वाटा सांगितल्यात, तेवढं मात्र नीट सांगितलंत. पहिली, जालीम गोळ्या. मुळापासून काम करतील, पण त्या चालू असताना दिवस राहता कामा नयेत, बाळाला धोका. तिला आणि नवऱ्याला तर मूल हवं होतं. दुसरी, जंतू मारणाऱ्या गोळ्या. काही महिने बरं वाटेल, पण नुसत्या त्यांच्यावर भिस्त ठेवली तर बंद केल्यावर पुटकुळ्या परत यायची भीती. तिसरी, मलम. सावकाश गुण येईल.

तिने विचारलं होतं, "मलमाने काही त्रास?"

"थोडी आग, थोडा कोरडेपणा. बाकी काही नाही. बिनघोर लावा."

तुमच्या कंपाउंडरने एक पांढरी डबी दिली. डबीवर नाव नाही, आत माहितीचा कागद नाही.

मलमाने गुण आला, हेही सांगायला हवं. ठणका बसला, पुटकुळ्या सुकायला लागल्या. आरशासमोरून ती मान खाली न घालता जायला लागली.

आता तिचं काम ऐका. मखमलीला लव असते. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेने लागली नाही तर दिव्याखाली कोट ठिगळाचा दिसतो. सुईने तिच्या बोटांना घट्टे पडलेत, त्यांना लव कळत नाही. म्हणून ती तुकडा गालावरून फिरवते. हे तिला आईनेच शिकवलं. "बोट फसतं, गाल फसत नाही," आई म्हणायची.

नाटकातल्या सेनापतीचा कोट गडद निळ्या मखमलीचा होता. रंग आईचा, शिवण लेकीची. तयार कोट वाफेच्या इस्त्रीखाली गेला, रात्रभर खुंटीला राहिला आणि सकाळी त्याच्या दोन्ही खांद्यांवर, छातीवर, बाहीवर नारिंगी डाग फुटले होते.

कात्रीने तो कोट आईच्या रंगाच्या टबात फेकला. "रंग कच्चा. म्हातारी झालीस."

आईने नवी मखमल घेतली, पुन्हा रंगवली, पुन्हा पक्की केली. धुऊन, घासून, पिळून पाहिली. टिपूसभर रंग सुटेना. लेकीने ती पुन्हा गालाला लावली आणि पुन्हा कोट शिवला. पुन्हा डाग. आई खुर्चीत बसून आपल्या हातांकडे बघत राहिली. तसं बघताना लेकीने तिला कधी पाहिलं नव्हतं.

"उद्या संध्याकाळपर्यंत तिसरा कोट पाहिजे," कात्री म्हणाला. "रंगवायला दुसरा माणूस बोलावलाय. तू घरी जा, आज्जी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने निळी उशी उचलून तिच्यासमोर धरली. "बघ, तुझ्या थोबाडाचा फोटो निघालाय."

उशीवर नारिंगी डाग होता. गालाएवढा.

तिने उशी हिसकावून घेतली. डागावर गाल टेकवला. बरोबर बसला. मग दाराच्या मागे टांगलेला निळा टॉवेल पाहिला. त्यालाही तेच झालं होतं. नवरा हसायचा थांबला.

उशी आणि डबी घेऊन ती धावत कारखान्यात गेली. "साहेब, रंग आईचा पक्का आहे. डाग माझे आहेत. माझ्या मलमाचे."

कात्रीने उशी उलटीपालटी केली. "मलमाने मखमलीचा रंग उडतो? घरी ब्लीच ओतलंस, झालं. आईला वाचवायला बरी गोष्ट रचलीस."

"तुमच्यासमोर लावते. चिंधी द्या."

"आणि डाग कधी दिसेल?"

"रात्र जाईल. पहिल्यांदाही रात्र गेली होती."

"रात्र नाहीये माझ्याकडे. नवा रंगारी दुपारी येतोय. ज्याने मलम दिलं त्याच्या तोंडून ऐकव, तरच मानतो. आणि तसं असलं तर तू आजपासून बटणांवर, कळलं?"

"कळलं."

मागच्या खोलीत सामान न्यायला आलेली आई आपला एप्रन घडी करत होती. "कशाला बोललीस गं? तुझं तोंड आत्ता कुठे बरं होतंय."

"आई, एप्रन खाली ठेव. मी येईपर्यंत हलायचं नाही."

रांग मोडून ती तुमच्या खोलीत घुसली. कंपाउंडर मागून ओरडत होता. तिने कारखान्यातून आणलेला डागाळलेला कोट तुमच्या टेबलावर टाकला, शेजारी उशी ठेवली, वर डबी. मग फोन लावला, त्याचा आवाज मोठा केला आणि तो कोटावर ठेवला. पलीकडे कात्री होता, त्याच्या शेजारी आई.

"डॉक्टर, ह्या मलमाने कापडाचा रंग उडतो का?"

तुम्ही डबीकडे पाहिलंत. मग तिच्या गालाकडे. "चेहरा छान सुधारलाय की."

"चेहऱ्याचं नाही विचारलं."

"हे बघा बाई, कपड्यांचा विषय माझ्याकडे येत नाही. प्रत्येक गोष्ट काय सांगत बसणार? लोक साधारण पांढरा टॉवेल वापरतात..."

"पांढरा का?"

ज्याला काही माहीत नसतं, तो पांढरा टॉवेल म्हणत नाही, डॉक्टर.

"हॅलो," फोनमधून कात्री म्हणाला. "नवा रंगारी दारात उभा आहे. काय ते लवकर बोला."

तुम्ही फोनकडे हात नेलात. तिने तो हात मध्येच धरला. शिवून शिवून निबर झालेली बोटं, पकड सुटली नाही.

"मला दोष देऊ नका म्हणाल, नाही देत. मलम बदलून द्या, ते नंतर बोलू. माझी आई तिथे घडी केलेला एप्रन मांडीवर घेऊन बसलीय. तिला तुमच्याकडून एक शब्द पाहिजे. रंग उडतो, की नाही उडत? हो की नाही? मोठ्याने बोला, डॉक्टर. तिला ऐकू जाऊ दे."