गाढवाची धाप

सुनेने सिनेमाच्या डिस्कवरचं प्लास्टिक दातांनी फाडलं, खोका उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं वाचता वाचता तिचा हात थांबला. ‘म्हातारं गाढव’ असं लिहिलं होतं आणि पुढे नाव भलत्याच माणसाचं. ज्याचं थोबाड साबणापासून सिमेंटपर्यंत सगळ्या जाहिरातींत दिसतं, त्या नटाचं.

“काय झालं? लागत नाही का?” सासूने खुर्चीतून विचारलं.

“लागतंय, आई. जरा थांबा.”

थांबणं म्हातारीला नवीन नव्हतं. दोन्ही डोळे गेलेले, त्यात खुब्याचं हाड मोडलेलं, त्यामुळे सिनेमा थिएटरला लागला तेव्हा तिला नेणं शक्यच नव्हतं. आणि तो लागला त्या आठवड्यात या घरातून कुणीच कुठे गेलं नाही, कारण त्यातल्या गाढवाला आवाज देणारा तिचा मुलगाच त्या आठवड्यात गेला. तेव्हापासून तिचं एकच टुमणं, घरी बघायची डिस्क कधी येणार? आज सकाळी तिने सुनेकडून वेणीसुद्धा घालून घेतली होती.

आवाज देणं हाच त्याचा धंदा. प्राण्यांच्या या कार्टून सिनेमात काम मिळालं त्या दिवशी त्याने दारातूनच ओरडून सांगितलं होतं, “आई, मी गाढव झालो!”

“त्यात नवीन काय?” म्हातारी म्हणाली होती, आणि मग येईल त्या माणसाला तेच सांगत सुटली होती.

सुनेने डिस्क आत सरकवली. खोक्यावर काय वाट्टेल ते छापतात, आवाज त्याचाच असेल, असं तिने मनाला बजावलं. कसला असतोय! गाढवाने तोंड उघडलं आणि खोलीभर तो साबण-सिमेंटवाला गुळगुळीत आवाज पसरला. मेलेल्या माणसाच्या नावावर डिस्क खपत नाही, एवढं कंपनीवाल्यांना बरोबर कळलं होतं. त्याच्या घरी एक फोन करावा, एवढी मात्र कुणाला लाज वाटली नव्हती.

“हा कोण?” म्हातारीने विचारलं.

या घरात सून बरंच खोटं बोलली होती, पण आता तिची जीभ उचलेना. “आवाज बदललाय त्यांनी, आई. दुसऱ्याचा घातलाय.”

“सगळीकडे?”

“सगळीकडेच असणार.”

म्हातारी खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखाने खरवडत राहिली. सुनेने बंद करायला रिमोट उचलला.

“राहू दे. घरात कुणाचा तरी आवाज असू दे.”

मग दोघी बसून राहिल्या. सशाची आणि कोल्ह्याची पिल्लं भांडली, नाचली, जंगलाला आग लागली. म्हातारं गाढव पिल्लांना पाठीवर घेऊन डोंगर चढायला लागलं. त्याचं बोलणं थांबलं आणि नुसत्या धापा ऐकू यायला लागल्या.

सुनेने रिमोट खाली ठेवला. या धापा तिने किती रात्री उशाशी ऐकल्या होत्या. संवाद वेगळे रेकॉर्ड करतात आणि धापा, कण्हणं, खोकणं वेगळं, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. मोठा नट आपल्या ओळी बोलून गाडीत बसला असणार; दुपारभर धापा टाकत कोण बसतंय? त्या जुन्याच राहू दिल्या होत्या.

म्हातारीने हात वर केला.

“हा माझा,” ती म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला की सुनेला भडभडून आलं. “अगं, हा माझा पोरगा!”

“हो, आई. त्याचाच श्वास आहे.”

गाढव चढत राहिलं. श्वास मध्येच अडकला, बारीक शीळ वाजली, पाठोपाठ ओला खोकला आला. म्हातारीचा हात हळूहळू खाली आला.

“ही सोंगाची धाप नाही,” ती म्हणाली.

सुनेचा हात रिमोटकडे गेला.

“एका रात्रीत गेला म्हणालात ना? बसल्या जागी हृदय बंद पडलं म्हणालात.”

“त्याने शपथ घातली होती. फुप्फुसं गेली होती त्याची. आईला कळता कामा नये म्हणाला.”

“हे काम करत होता तेव्हापासून?”

“त्याच्याही आधीपासून.”

म्हातारीने आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

“शेवटी शेवटी मला पेपर वाचून दाखवायचा नाही. दोन ओळी वाचायचा की टाकला. जगासाठी गाढव होतोस आणि आईसाठी तोंड दुखतं तुझं, म्हणायचे मी. आळशी म्हणायचे. बायकोचा बैल म्हणायचे. तू तिथेच असायचीस.”

“हो.”

“आणि तो?”

“नुसता हसायचा.”

गाढव एव्हाना माथ्यावर पोचलं होतं आणि नटाच्या आवाजात पिल्लांना धीर देत होतं.

“मागे घे,” म्हातारी म्हणाली. “तो चढतोय तिथपासून लाव. आवाज मोठा कर आणि तू जा आत.”

सुनेने मागे घेतलं, आवाज मोठा केला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. भिंतीपलीकडे तो पुन्हा चढत होता, शीळ वाजत होती, खोकला येत होता. मग पुन्हा नट बोलायला लागला.

“अगं,” बाहेरून हाक आली, “मागे घे.”

तिने जाऊन मागे घेतलं आणि या वेळी म्हातारीच्या पायाशी फरशीवर बसली. म्हातारीने तिला जा म्हटलं नाही.