डोळे आखणारी

रामवाडीतल्या काळुरामच्या गणपती कारखान्यात रंग कोणीही मारो, डोळे मात्र मालूच आखायची. म्हणून त्या सकाळी काळुरामने तिच्यापुढे मूर्तीच्या धोतराच्या पिवळ्या रंगाची वाटी ठेवली, तेव्हा ती खाली बसलीच नाही.

“आजपासून डोळे वैशालीला,” शेजारी रंग मारत बसलेल्या पोरीकडे बोट करत, नजर चुकवत तो म्हणाला. “तुझ्या आदर्शचा फोन आलेला. तुला झोप नाय म्हणे. हात हलला तर मूर्ती वाया जायची.”

आदर्श तिचा मुलगा, रोह्याला कंपनीत शिफ्टवर. झोप मोजणारा पट्टा तिच्या डाव्या मनगटावर त्यानेच बांधला होता. आकडे त्याच्या मोबाइलवर जायचे आणि सकाळी निकाल लागायचा: आई, आजपण नापास. पूर्वी पाठ टेकली की मालूचा डोळा लागे. आता पाठ टेकली की धडधड सुरू होई, उद्या पोरगा काय म्हणेल. पट्टा झोप मोजायचा आणि तोच ती उडवायचा.

“माझा हात हलला का कधी?”

“नाय.”

“मग वाटी उचल.”

डाव्या हाताचा टेकू उजव्याला देऊन ती मूर्तीसमोर बसली. पापणीची रेघ ओढताना ती श्वाससुद्धा बेताने घ्यायची. जेवणानंतरही ती तशीच बसून होती.

संध्याकाळी आदर्श कारखान्यात आला तो खूश होऊन. “आई, दुपारी मस्त झोपलीस. गाढ झोप दाखवतेय. घरी थांबलीस तर बघ कसा फरक पडतो.”

काळुराम खो खो हसला. “झोपली? आरे, दुपारभर हितं डोळे आखतेय ती.”

आदर्शने ओल्या डोळ्यांच्या मूर्तींची रांग पाहिली, मग मोबाइल. हात निश्चल, नाडी संथ. पट्ट्याला ती झोपच वाटली होती.

“दुपारचं चुकलं असेल,” तो म्हणाला. “पण रात्रीचं खरं हाय. तू जागीच असतेस.”

“व्हय, जागीच असते. ह्याच्या धाकानं.” तिने पट्टा सोडून त्याच्या हातावर ठेवला.

“तुझ्या तब्येतीसाठीच ना, आई.”

“झोप आली तर झोपेन, नाय आली तर पडून राहीन. पण तुझ्याकडून पास व्हायला नाय झोपायची. आणि माझ्या कामाचं काय बोलायचं तर माझ्याशी बोल, शेठशी नाय.”

आदर्श पट्टा घेऊन तिच्यासमोर दाराच्या उजेडात आला.

“तूच बांध तो. शिफ्ट तू करतोस.” तिने पुढची मूर्ती ओढून घेतली. “वैशाली, बस गो हितं, पापणी बघ कशी ओढतात. आणि आदर्श, सरक. उजेड अडवतोयस.”