बिनमिठाची बाटली

माझ्या नवऱ्याला, जमालला, झाडांचं जेवढं कळतं तेवढं माणसांचं कळलं असतं तर तो आज साहेब असता, असं मी लग्नापासून म्हणत आलेय. दुबईच्या पालिकेत तो माळी आहे. बावीस उन्हाळे त्याने रस्त्याकडेची झाडं सांभाळली. मागच्या जुलैत उन्हात चक्कर येऊन पडला, तेव्हा त्याला आत, पालिकेच्या मोठ्या बागेतल्या थंड काचघरात घेतलं. तिथे डोंगराळ मुलखातून आणलेली रोडोडेंड्रॉनची आठ फुलझाडं आहेत. हा हंगाम ती नीट फुलली तर आतली जागा कायमची, नाहीतर पुन्हा रस्ता, असं बागेच्या इंजिनीअर नबिला मॅडमनी बजावलं होतं. मला फुलांशी काही कर्तव्य नव्हतं. मला नवरा सावलीत हवा होता.

रविवारी मी आणि आमची दहा वर्षांची फिझा ती फुलं बघायला गेलो. जमाल ड्युटीवरच होता. सात झाडं गुलाबी-पांढऱ्या घोसांनी भरली होती. मधलं लाल, ज्याच्यासाठी सगळे येतात, त्याची पानं कडांनी करपली होती आणि कळ्या खाली गळून पडल्या होत्या.

"अब्बा, इट्स डेड," फिझा म्हणाली. जमाल गळलेल्या कळ्या वेचायला लागला.

तेवढ्यात नबिला मॅडम आल्या. वाकून त्यांनी कुंडीच्या काठावरचा पांढरा थर बोटाने खरवडला.

"जमाल, ये तो नमक है. किसने डाला?"

मला स्वयंपाकघरातली बाटली आठवली. पंधरा दिवसांपूर्वी त्या झाडाची पानं पिवळी पडायला लागली होती. त्याला आंबट माती लागते, आणि माती आंबट करायची पावडर संपलेली. आमचा माणूस रत्नागिरीचा, त्याला आंबट म्हटलं की एकच सुचतं. "घरात बिनमिठाचं आगळ हाय ना? पिशवीत टाक," म्हणाला. सासूबाई, मरियमबी, दर वर्षी कोकमाच्या आगळाच्या, म्हणजे आंबट घट्ट रसाच्या, दोन बाटल्या पाठवतात, एक खारी कढीसाठी, एक बिनमिठाची सरबतासाठी. रोज उठून त्या झाडांचं कौतुक ऐकून मी वैतागले होते. हाताला आली ती बाटली न बघता पिशवीत कोंबली. परवा शुक्रवारी कढी अळणी लागली, तेव्हा यंदा सासूबाईंचा मिठाला हात आखडला म्हणत वरून मीठ घातलं.

मी तोंड उघडणार, तोच जमाल म्हणाला, "मेरी गलती, मॅडम. आठ दिन कोकम का पानी डाला. चखा नहीं."

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंडे से रोड टीम. सॉरी, जमाल. खलास."

त्याची ड्युटी सुटेपर्यंत आम्ही थांबलो. बसस्टॉपवर मी म्हटलं, "फिझाचे अब्बा, खारी बाटली मी दिली."

"ठाऊक हाय. शुक्रवारी कढीत तू मीठ घातलंस, तेव्हाच कळलं. काल दिवसभर माती धू धू धुतली. उशीर झालेला."

"मग मॅडमना सांगायचं होतंत!"

"काय सांगू? बायकोने केलं म्हणून? जीभ मला पण होती ना."

मला भयंकर लाज वाटली. लाज वाटली की मी भांडते, म्हणून घर येईपर्यंत बसच्या एसीवरून भांडत राहिले. फिझा म्हणाली, "मम्मा, स्टॉप." जमाल खिडकीतून रस्त्यामधली झाडं बघत होता.

सोमवारी सकाळी त्याच्यासाठी पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या. लिंबू, साखर, मीठ. उन्हात माणसाच्या अंगातलं मीठ घामावाटे जातं, ते परत घालावं लागतं. दोन्ही बाटल्या मी चाखून बघितल्या. मग लावलेली झाकणं उघडून पुन्हा एकदा चाखल्या.